वाखाचं पाणी

फार जुन्या काळी एका डोंगराच्या अंगावर एक गाव होतं आणि त्या गावात विहीर नव्हती. विहीर नव्हती, नदी नव्हती, साधा ओढासुद्धा नव्हता. पाऊस पडायचा तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. मग ती माणसं पाणी कुठून आणायची? सांगते, दम धरा.

ती माणसं धुकं पिळायची. हसू नका, खरंच पिळायची. रोज पहाटे डोंगराच्या खिंडीतून दाट धुकं गावात शिरायचं. प्रत्येक घरासमोर दोन खांब उभे असायचे आणि त्यांवर एक लांबरुंद कापड ताणलेलं असायचं. धुकं त्या कापडात अडकायचं, कापड भिजून जड व्हायचं, आणि उजाडलं की घरातली दोन माणसं दोन टोकं धरून ते रांजणावर पिळायची. त्या पाण्यावर घर चालायचं, शेरडं जगायची, परसातली भोपळ्याची वेल मांडवावर चढायची.

गावाच्या वाड्या दोन. खिंडीच्या तोंडाशी होती वरची वाडी. तिथली घरं मोठी, कापडं कापसाची, पाणी गोड. वरच्या वाडीवरून उरलेलं धुकं एका घळीतून घरंगळत खाली यायचं, तिथे खालची वाडी. तिथल्या लोकांना कापूस कुठला परवडायला! ते रानातली घायपात कापायचे, कुजवून तिचा वाख काढायचे आणि त्या धाग्याचं जाडंभरडं कापड विणायचे. वाखाच्या कापडातून पिळलेलं पाणी थोडं कडसर लागायचं. वरच्या वाडीचा कुणी खाली आला आणि त्यानं ते तोंडात घेतलं, तर तोंड वाकडं करायचा. खालच्या वाडीला मात्र त्या कडसरपणाशिवाय तहान भागल्यासारखी वाटायची नाही.

आणि डोंगराच्या अगदी माथ्यावर एक दुभंगलेला कातळ होता. त्या कातळात एक आत्मा राहायचा. भूत नव्हे, पिशाच्च नव्हे, कुणाला झपाटणारा-बिपाटणारा नव्हे. डोंगर झाला तेव्हापासून तो तिथे होता, आणि इतकी वर्षं गप्प बसून ऐकलं की कुणीही शहाणा होतो, तसा तो शहाणा झाला होता. गाव त्याला कातळआजा म्हणायचं. आजाला डोळे नव्हते. कुणाचं पागोटं मोठं आणि कुणाचं धोतर फाटकं, हे त्याला दिसत नसे. त्याला फक्त पाण्याची चव आणि वास कळायचा.

वर्षातून एकदा, खांबांवर नवी कापडं चढवायच्या दिवशी, गावातलं एक घर आजाकडे जायचं. सगळ्या घरांचे खडे एका मडक्यात घालायचे आणि त्यातला एक काढायचा. ज्याचा खडा निघेल त्याची पाळी. त्या घरच्या माणसानं आपल्याच कापडातून पिळलेलं पाणी वाटीत घ्यायचं, अनवाणी माथ्यावर जायचं, ते पाणी कातळाच्या फटीत ओतायचं आणि काय विचारायचं ते विचारायचं. आजा पाणी चाखायचा, ते कुणाच्या घरचं आहे ते ओळखायचा, आणि त्या घराच्या हिताचं असेल ते सांगायचा. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. आपल्याच घरचं पाणी कशाला लागतं, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. नव्या माणसांना वाटायचं, असेल काहीतरी पूजेचा भाग, हळदकुंकवासारखा.

त्या गावात आणखी एक रीत होती, तीही सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. माणूस जायला निघाला की त्याच्या तोंडात शेवटचा घोट त्याच्या घरच्या कापडाच्या पाण्याचाच घालायचा. दुसऱ्या घरचा घोट घातला तर म्हणे जीव घर विसरतो आणि कुठल्या कुठे भटकत राहतो.

तर खालच्या वाडीत, घळीला लागून असलेल्या घरात, येसू नावाची एक बाई राहायची. हातानं चपळ, मनानं सरळ, कष्टाला कधी मागे सरली नाही. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. तिचा नवरा भिवा. भला माणूस, पण कुणी जरा आवाज चढवला की हा लगेच मान डोलावायचा. आणि घरात येसूची सासू होती. तिला सगळी वाडी म्हातारीच म्हणायची. म्हातारी आता अंथरुणाला खिळली होती. जीभ मात्र शाबूत होती, आणि चांगली धारदार होती.

येसूचा आणि तिचा जीव एकमेकींवर होता. येसू तिला न्हाऊ घालायची, भरवायची, तिची बोलणी खायची आणि वर हसायची. म्हातारीचं मागणं एकच.

"येसू, मला लुगडं नको, गोडधोड नको. जाताना तोंडात आपल्या घरचं पाणी घाल. वाखाचं. तेवढं चुकवू नकोस."

"आत्याबाई, त्यात चुकवायचं काय? रांजण भरलाय की!" येसू म्हणायची.

आणि तेव्हा खरोखरच रांजण भरलेला होता.

मग एका वर्षी धुकं विरळ झालं. का झालं ते डोंगराला ठाऊक. वरच्या वाडीतले रांजण काठापर्यंत भरायचे ते गळ्यापर्यंत भरू लागले. खालच्या वाडीतले रांजण तर अर्ध्यावर आले. भोपळ्याच्या वेली सुकल्या. बायका पोरांची तोंडं ओल्या फडक्यानं पुसू लागल्या. सगळ्यांच्या मनात एकच, आता आजाला विचारायला हवं. नव्या कापडांचा दिवस आला, मडकं हलवलं, खडा काढला. खडा निघाला येसूच्या घरचा.

आता इथे पाटील येतात. वरच्या वाडीतलं सगळ्यांत मोठं घर त्यांचं. पाटील माणूस वाईट नव्हता, हे नीट ऐकून ठेवा. कुणाच्या लग्नात कमी पडलं तर भरून द्यायचे, कुणी आजारी पडलं तर विचारपूस करायचे. बोलायला उभे राहिले की ऐकत राहावं. फक्त ते स्वतःच्या ओसरीवरून जेवढं दिसेल तेवढ्यालाच गाव समजायचे, आणि हे त्यांना स्वतःलाही कधी कळलं नव्हतं.

पाटील खालच्या वाडीच्या पारावर आले. सगळे जमले.

"खडा येसूचा निघाला, फार चांगलं झालं," पाटील म्हणाले. "पण साल कसलं आहे ते बघताय ना? आजासमोर हिची जीभ अडखळली, भीतीनं काहीतरी भलतंच विचारून बसली, तर वर्षभर आपण सगळे बोंबलत बसू. त्यापेक्षा मी विचारतो. गावाचं म्हणून विचारतो. येसू, तूही चल बरोबर. तुझा मान आहे तो."

"बरोबर आहे पाटलांचं," एक जण म्हणाला.

"आपल्याला कुठं बोलता येतंय तसं!" दुसरा म्हणाला.

भिवानं मान डोलावली. "पाटील म्हणतायत तर तसंच करू."

सगळे येसूकडे बघू लागले. येसूनं पदर सावरला. तिला वाईट वाटलं का? छे! हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"चालेल," ती म्हणाली.

घरी आली तर म्हातारी वाटच बघत होती. "खडा कुणाचा निघाला?"

"आपला."

"अगं बाई! मग काय विचारणार आहेस?"

"मी नाही विचारत, आत्याबाई. पाटील विचारणार आहेत. गावाचं म्हणून."

म्हातारी कोपरावर रेलून उठली. "पाटील कशाला विचारणार? तहान त्याला लागलीय का?"

"त्यांना बोलता येतं."

"बोलता येतं ते त्याच्या घरचं बोलता येतं! अगं, आजाला तुझं बोलणं नकोच आहे. माझी पाळी आली होती तेव्हा मी काय भाषण केलं होतं? वर गेले, वाटी ओतली आणि जी रडायला लागले ती लागलेच. एक शब्द फुटला नाही. आजानं पाणी चाखलं आणि म्हणाला, बाई, तुझी शेरडं आज घळीत नेऊ नकोस. झालं. त्याच दिवशी घळीत दरड कोसळली, आणि आपली शेरडं दारात बांधलेली होती. तू अडखळ, तोतरं बोल, रड हवं तर. पण तू विचार."

"मला नाही जमायचं," येसू रडवेली होऊन म्हणाली. "सगळे बघत असतात. मी काही चुकीचं बोलले तर उद्या सगळी वाडी मला शिव्या घालील."

म्हातारी मग पुन्हा आडवी झाली. "बरं बाई. पण वाटी भरून ने. रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

तेवढं येसूनं ऐकलं. सकाळी आपलं कापड पिळून तिनं एक वाटी भरली, वर पळसाचं पान झाकलं आणि सगळ्यांच्या मागून माथ्याकडे निघाली. पुढे पाटील. त्यांच्या हातात त्यांच्या घरची वाटी, कापसाच्या कापडाचं स्वच्छ, गोड पाणी. दोन्ही वाड्यांतली चार वडीलधारी माणसं बरोबर होती. वाटेत पाटलांनी मागे वळून येसूच्या वाटीकडे पाहिलं आणि हसले. "तू कशाला ओझं आणलंस? आजाला कडू पाणी पाजायचं का?" सगळे हसले, येसूही हसली.

कातळापाशी पोचल्यावर पाटलांनी पागोटं काढलं, हात जोडले आणि आपली वाटी फटीत ओतली. बराच वेळ काही झालं नाही. मग कातळाच्या पोटातून जातं फिरावं तसा आवाज आला.

"कापसाचं पाणी. गोड. वरच्या वाडीचं, खिंडीजवळच्या मोठ्या घराचं. विचार."

"आजा," पाटील म्हणाले, आणि खरंच काय सुरेख आवाज होता त्यांचा! "धुकं विरळ झालंय. रांजण भरत नाहीत. माणसं काळजीत आहेत. ते भरावेत म्हणून काय करावं, ते सांग."

"घळीच्या तोंडावर पडदा बांध," आजा म्हणाला. "या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, एकसलग. कुठे फट ठेवू नकोस. तुझे रांजण काठापर्यंत भरतील."

पाटलांचा चेहरा उजळला. सगळ्यांनी हात जोडले. येसूनं मात्र खाली घळीकडे पाहिलं. घळीच्या तोंडावर पडदा लागला, तर धुकं खाली यायचं कुठून? रोज पहाटे दारात उभं राहून त्या घळीकडे डोळे लावणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिला तिथल्या तिथे कळलं.

मंडळी परतायला वळली, तेवढ्यात आजा पुन्हा बोलला. "थांबा. इथे आणखी एक पाणी आहे. मला वास येतोय. वाखाचं आहे. त्या पाण्याला काही विचारायचंय का?"

सगळे थांबले. सगळ्यांचे डोळे येसूवर आले. पाटील आपुलकीनं म्हणाले, "विचार की, येसू. पाळी तुझीच आहे. फक्त जरा लवकर, ऊन चढतंय."

येसूनं वाटीवरचं पान काढलं. मग आमचं काय? एवढंच तर विचारायचं होतं. एवढं म्हणायला असा किती वेळ लागतो? शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण तिनं पाहिलं, तिच्याच वाडीची माणसं खुशीत होती, आजानं उपाय सांगितला म्हणून त्यांचे डोळे पाणावले होते. आता यांच्यासमोर उभं राहून पाटलांचं चुकलं म्हणायचं? आणि आपलंच चुकत असलं तर? जन्मभर हसतील लोक.

"नाही," येसू म्हणाली. "पाटलांनी विचारलं तेच आमचं."

"नक्की?" आजानं विचारलं.

"नक्की."

"बरं," आजा म्हणाला.

येसू घरी आली. म्हातारीची नजर आधी तिच्या हाताकडे गेली. वाटी भरलेली होती.

"तशीच परत आणलीस?"

भिवानं तिच्या हातातून वाटी घेतली आणि चुलीवरच्या पेजेत ओतली. "वाया कशाला घालवायचं?" तो म्हणाला. म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती पेज तिनं घेतली नाही.

पडदा बांधायचं काम जोरात सुरू झालं. कापड वरच्या वाडीनं दिलं. "वाखाचं नको," पाटील म्हणाले, "पाणी कडू होईल. दोर मात्र वाखाचेच हवेत, कापसाचे टिकायचे नाहीत." मग काय विचारता! खालच्या वाडीनं आपापली जादा कापडं उसवली आणि दोर वळायला घेतले. तेही कुणी बळजबरी केली म्हणून नव्हे हो, हौसेनं! आजाचा शब्द होता ना. बायका दारात बसून वाख वळायच्या आणि पाणी आलं की परसात काय काय लावायचं ते एकमेकींना सांगायच्या. येसूही त्यांच्यात बसून वळत होती. एकदा तिनं भिवाला हळूच म्हटलंही, "अहो, घळ बंद झाली तर आपल्याकडे धुकं यायचं कसं?"

"आजाच्या मनात आलं नसेल का ते? आजा कुणाचं वाईट करील का?" भिवा म्हणाला. येसूनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पडदा लागला. दुसऱ्याच दिवशी वरच्या वाडीतले रांजण काठापर्यंत भरले, पडद्याखाली बांधलेले हौदही भरले, पाटलांच्या परसात पाणी वाहिलं. आजाचा शब्द खरा ठरला. आणि खालच्या वाडीत, उजाडल्यावर माणसं कापडं पिळायला गेली तेव्हा ती रात्री ताणली होती तशीच कोरडी होती.

आधी सगळ्यांना वाटलं, एखादा दिवस असं होतं. मग वाटलं, वारा फिरला की येईल. मग रांजणांचे तळ दिसले आणि वाडी पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

पाटलांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी ताबडतोब घागरी भरून खाली पाठवल्या. पण रोज फुकट पाणी कोण पाठवणार? काही दिवसांनी पाटील म्हणाले, पडदा पिळायला माणसं लागतात, तुम्ही या, पिळा, आणि घरापुरतं घेऊन जा. खालची वाडी वर कामाला जाऊ लागली. दुसऱ्याचं धुकं पिळायचं आणि घागरभर घेऊन उतरायचं. भिवाला दोर राखायचं काम मिळालं. दोर नीट वळलेले असल्यामुळे त्यात फारसं काम नव्हतं.

एकदा पारावर माणसं चिडली. "पडदा काढा म्हणावं! निदान मधे फट तरी सोडा!"

पाटील शांतपणे म्हणाले, "माझा पडदा आहे का तो? आजाचा शब्द आहे. फट ठेवू नकोस, असं त्यानं स्वतः सांगितलं. मी मनाचं सांगत नाही. येसूला विचारा, ती तिथेच होती. तिची वाटी भरलेली होती, आजानं तिला वेगळं विचारलं, एकदा नाही, दोनदा विचारलं. ती काय म्हणाली ते तिच्याच तोंडून ऐका."

सगळ्या वाडीनं येसूकडे तोंड वळवलं. ज्या शिव्यांना भिऊन ती गप्प राहिली होती, त्या सगळ्या आता तिच्या वाट्याला आल्या. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कुणी म्हणे पाटलांनी तिला फितवली, कुणी म्हणे तिच्या नवऱ्याला काम मिळालं ते उगीच नाही. आणि पाटलांना कुणी काही म्हणालं का? अजिबात नाही. पाणी त्यांच्याकडे होतं ना! कुणी दबक्या आवाजात दोर कापायची भाषा केली, पण आजाच्या शब्दानं बांधलेलं कापायला हात धजेना, आणि दोरांपाशी तर येसूचाच नवरा बसलेला. पुढे वाडीतली घरं एकेक करून उठू लागली. कुणी डोंगर उतरून गेलं, कुणी वरच्या वाडीत पाटलांच्या गोठ्यामागे झोपडी घातली. आणि गावानं असंही ठरवलं, की आता खडे-बिडे काढायची कटकट नको, आजाला दरवर्षी पाटीलच विचारतील. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं.

येसू हलली नाही, कारण म्हातारी हलायला तयार नव्हती. "मी इथेच मरणार," ती म्हणाली, "आणि आपल्या घरचं पाणी पिऊन मरणार." येसू रोज उरलेलं वाखाचं कापड खांबांवर ताणायची. रोज सकाळी ते पिळायची. तळहातांची सालं निघाली, पण कापडातून थेंब पडला नाही. वरून आणलेलं पाणी म्हातारी तहानेपुरतं प्यायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "हे नव्हे गं. शेवटी हे घालू नकोस."

एके सकाळी म्हातारीचा श्वास घरघरायला लागला. येसू समजली. पाळी नव्हती, नव्या कापडांचा दिवस नव्हता, पण ती कशाचीच वाट बघत बसली नाही. घागरीच्या तळाचं उरलेलं पाणी वाटीत घेतलं, भिवाला आईजवळ बसवलं आणि माथ्याकडे धावली. पायांना काटे लागले, गुडघे फुटले. कातळापाशी पोचताच तिनं निम्मी वाटी फटीत ओतली आणि बोलायला लागली. ती अडखळली नाही, एका शब्दालाही अडखळली नाही.

"आजा, आमची घळ मोकळी कर! आमची कापडं कोरडी पडली, वाडी ओस पडली. माझी सासू जायला टेकलीय. तिला आमच्या घरचं घोटभर पाणी हवंय, मला दुसरं काही नको. एक दिवस धुकं खाली येऊ दे. ते कसं येईल ते मला सांग!"

कातळाच्या पोटातून आवाज आला. "कापसाचं पाणी. गोड. वरच्या वाडीचं, खिंडीजवळच्या मोठ्या घराचं. ऐक. पडदा खालच्या अंगानं झिजतोय. त्याला आणखी एक पट्टा जोड. म्हणजे जे थोडं धुकं खालून निसटतंय, तेही तुझ्या हौदात येईल."

येसू किंचाळली. "आजा! मी येसू! पाटलांच्या घरची नाही मी! खालच्या वाडीची येसू!"

"मला कुणी दिसत नाही, पोरी," आजा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "ज्याचं पाणी, त्याचं हित मी सांगतो. एवढंच मला येतं. वाखाचं पाणी एकदा इथवर आलं होतं. मी त्याला हाक मारली होती. आता ते पाणी घेऊन ये, म्हणजे सांगतो."

"आता ते कुठून आणू?"

याचं उत्तर आजानं दिलं नाही. देणार तरी कसं? ते विचारणाऱ्या बाईचं पाणी त्यानं चाखलंच नव्हतं.

येसू खाली आली. भिवा दारात रडत उभा होता. म्हातारीचे डोळे उघडे होते, ती येसूचीच वाट बघत होती. येसूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. घरात वाटीतल्या उरलेल्या पाण्याशिवाय थेंब नव्हता, आणि जाणाऱ्याला कोरड्या तोंडानं कसं पाठवायचं? येसूनं ती वाटी तिच्या ओठांना लावली.

"घ्या, आत्याबाई. आपलंच आहे," ती म्हणाली.

म्हातारीनं घोट तोंडात घेतला. जिभेवर फिरवला. मग तिनं येसूकडे असं पाहिलं, की ते येसू पुढे कधी विसरली नाही.

"गोड आहे," म्हातारी म्हणाली. तिनं मान वळवली, पाणी ओठांच्या कडेनं बाहेर गळालं, आणि ती गेली.

त्यानंतर खालच्या वाडीत कुणी राहिलं नाही. येसू आणि भिवा वरच्या वाडीत राहायला गेले. येसू रोज पडदा पिळायची. तिथल्या बायका म्हणायच्या, ही बाई आता चार माणसांतही धडधडीत बोलते, कुणाला भीत नाही. बोलायची खरी. पण तिच्याकडे स्वतःचं असं विचारायला काही उरलं नव्हतं, आणि तिचं बोलणं कुणी ऐकतही नव्हतं. पुढे पाटलांनी विचारलं तेव्हाही आजानं तेच सांगितलं, आणि पडद्याला खालून नवा पट्टा जोडला गेला. तो शिवायलाही तिलाच बसवलं.

तात्पर्य: आपली तहान आपल्याच तोंडानं सांगावी, अडखळत का होईना, आणि वाटी हातात भरलेली असेल तेव्हाच सांगावी. दुसऱ्याच्या तोंडून विचारलं, की उत्तर त्याच्याच रांजणात जाऊन पडतं, आणि मग तो म्हणतो, तूही तिथेच होतीस की.